हायची रांग आणि नायची रांग

इंग्रजी व्याकरणातल्या एका धड्यामुळे माणसाची नोकरी धोक्यात येऊ शकते, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी त्या दिवशी रजाच टाकली असती. ताप, जुलाब, मेव्हण्याचा साखरपुडा, काहीही कारण चाललं असतं. पण मी वेळेवर शाळेत गेलो, फळा स्वच्छ पुसला आणि मोठ्या अक्षरांत वर लिहिलं, काँक्रीट नाउन आणि ॲबस्ट्रॅक्ट नाउन.

मी किशोर विशे. माझी शाळा मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या अंगाला, आवळेपाड्याला. राहतो मात्र आसनगावला, कारण आमच्या अनिताच्या मते माणसाने स्टेशनाजवळ राहावं, मग त्याला गाडीने कुठे जायचं असो वा नसो. रोज मोटारसायकल काढायची, शहापूर, किन्हवली, सरळगाव करत जायचं आणि तसंच परत यायचं. मी मूळचा गणिताचा. इंग्रजी माझ्याकडे आलं ते बदली होऊन गेलेल्या बाईंच्या कपाटाच्या चावीबरोबर. दोन्ही वस्तू मी जपून वापरत होतो.

"काँक्रीट नाउन म्हंजे सिमेंटचा नाउन काय गुरुजी?" संदेशने विचारलं. संदेश हा सरपंच सकुबाईंचा नातू. सरपंच सकुबाई असल्या तरी सरपंचपणा त्यांचे यजमान देवजीशेठ करतात, हे गावाला आणि पंचायतीच्या खुर्चीलाही सवयीचं झालेलं आहे.

"सिमेंटचा नाही रे. जे डोळ्यांना दिसतं, कानाला ऐकू येतं, नाकाला वास येतो, जिभेला चव लागते, हाताला लागतं, ते काँक्रीट. आंबा, टेबल, बादली. आणि यातलं काहीच करता येत नाही ते ॲबस्ट्रॅक्ट. म्हणजे आपल्या मराठीतलं भाववाचक नाम."

"मंग आपला काँक्रीटचा रस्ता?" भाविकाने विचारलं. ही वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी, म्हणजे शिक्षकाच्या दृष्टीने सगळ्यात धोकादायक. गावचा काँक्रीट रस्ता मंजूर झालेला होता, त्याचा नारळही फुटला होता, फक्त रस्ता झालेला नव्हता.

"तो ॲबस्ट्रॅक्ट," मी बोलून गेलो.

वर्ग हसला. मधल्या सुट्टीपर्यंत हे वाक्य देवजीशेठच्या अंगणात पोचलं होतं, हे मला फार नंतर कळलं.

मुलांना ती दोन लांबलचक नावं तोंडात बसेनात. मग कुणीतरी सोपं केलं. काँक्रीट म्हणजे 'हायची रांग' आणि ॲबस्ट्रॅक्ट म्हणजे 'नायची रांग'. मला ती युक्ती इतकी आवडली की मी स्वतःच फळ्यावर तसं लिहिलं. प्रशिक्षणात ज्याला नवोपक्रम म्हणतात ते हेच असावं, असं मला वाटलं. आपल्यावर एखादा छोटा लेख येईल, फोटोसकट, असंही वाटून गेलं.

पुढच्या आठवड्यात चाचणी घेतली. पहिला येईल त्याला मुरबाडला तालुक्याच्या इंग्रजी भाषण स्पर्धेत पाठवायचं होतं. शाळेतून एकच. शब्द मी एका गाइडमधून उचलले, आणि त्यात एक शब्द होता घोस्ट. घोस्ट म्हणजे भूत. गाइडमध्ये उत्तर दिलेलं नव्हतं, पण मी विज्ञाननिष्ठ माणूस. दिसत नाही, हाताला लागत नाही. ॲबस्ट्रॅक्ट. प्रश्नच नव्हता.

पेपर तपासायला घेतले आणि प्रश्न निर्माण झाला. सगळ्या वर्गाने भूत हायच्या रांगेत बसवलं होतं. एकट्या संदेशने नायच्या रांगेत. मी लाल पेनाने फटाफट रेघा मारल्या आणि संदेश एका मार्काने भाविकाच्या पुढे गेला.

भाविका पेपर घेऊन टेबलापाशी आली. "गुरुजी, घोस्टचा मार्क कापलाय."

"चुकलंय म्हणून कापलाय. भूत दिसतं का?"

"दिसतो. आजीने बघलाय. पुलावर. बोलताना ऐकलाय पन. तंबाखूचा वास पन आला तिला." तिने तीन बोटं दुमडली. "तीन झाले. तुमी बोललाव एक आला तरी काँक्रीट."

माझ्याच व्याख्येने माझ्याच वर्गात मला असं कोपऱ्यात गाठलेलं पाहून मी शिक्षकाचं अखेरचं उत्तर दिलं. म्हणालो, "आधी जागेवर बस."

दुसऱ्या दिवशी प्रार्थना सुरू असतानाच भाविकाची आजी बाईजा दारात येऊन उभी राहिली. लहानखुरी, काटक बाई. प्रार्थना संपेपर्यंत ती गप्प होती. मग म्हणाली, "गुरुजी, तुमी पुलावरच्याला नायच्या रांगेत बसवलाव?"

"आजी, तो इंग्रजीचा विषय आहे."

"इंग्रजीचा असू दे नाय तं कसला पन असू दे. मी बघलाय त्याला. या डोल्यांनी. ती रांग बदला."

"पण आजी, एका मार्काचा प्रश्न आहे फक्त..."

"मार्काचा मी कुठं बोलली?" ती म्हणाली आणि निघून गेली. मी ते वाक्य ऐकलं, पण ऐकूनही घेतलं नाही. मला वाटलं, नातीच्या मार्कासाठीच आलीय, मागायला संकोचतेय.

दोन दिवसांत आवळेपाड्याचे दोन तट पडले. एका बाजूला 'पुलावरचा हाय' म्हणणारे. दुसऱ्या बाजूला देवजीशेठची माणसं, ज्यांना नातू पहिला आल्यापासून वैज्ञानिक दृष्टिकोन प्राप्त झाला होता. दर अमावस्येला ट्रॅक्टरच्या चाकाखाली लिंबू चिरडणारे देवजीशेठ पाणवठ्यावर बायकांना सांगू लागले की जग चंद्रावर गेलं, आपण अजून पुलावरच. देवजीशेठ माझ्या बाजूला आहेत हे कळल्यावर माझी झोप उडाली. ते विरोधात असते तर मी निदान स्वाभिमानी तरी दिसलो असतो. आता गाव म्हणू लागलं की गुरुजी रस्त्याबद्दल बोलून गेले, ते मिटवायला नातवाला मार्क दिला.

मग कुणीतरी तालुक्याला अर्ज केला. त्यातलं मुख्य वाक्य मला केंद्रप्रमुखांनी फोनवर वाचून दाखवलं. "सदर शिक्षक हे सरपंचांच्या नातवास पहिला नंबर देण्याकरिता गावच्या भुताचे अस्तित्व नाकारीत आहेत." मग म्हणाले, "विशे, हे नेमकं काय आहे?"

"सर, ॲबस्ट्रॅक्ट नाउन."

"ते वरिष्ठांना सांगू नका. आधीच इंग्रजीचा निकाल नाजूक आहे. लेखी खुलासा द्या. भूत नाही असं लिहू नका, गावाच्या भावना आहेत. भूत आहे असं तर मुळीच लिहू नका, तुम्ही सरकारी माणूस आहात. आणि गोलमाल लिहू नका, मॅडमना आवडत नाही. परवा त्या स्वतः येतायत."

मॅडम म्हणजे विस्तार अधिकारी घरत मॅडम. त्यांच्या तपासणीनंतर एका शाळेतल्या गुरुजींनी पाणी मागितलं होतं आणि ते येईपर्यंत खाली बसले होते, अशी त्यांची कीर्ती होती.

त्या संध्याकाळी माझं तोंड बघून अनिताने ताट वाढायच्या आधीच विचारलं, "काय केलंत?" काय झालं असं तिने लग्नानंतर कधी विचारलेलं नाही. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आंबा, टेबल, बादली. एवढ्यावर थांबायचं होतंत. भुतापर्यंत जायची काय गरज होती?"

गरज नव्हती, हे मलाही मान्य होतं. पण आमच्या बिल्डिंगच्या भिंती पातळ आहेत, त्यामुळे तोवर शेजारचे साईनाथ आणि समोरचे फर्डेकाका आत येऊन बसले होते. साईनाथ मुंबईला एका विम्याच्या ऑफिसात जातात, आणि रोज मुंबईला जाणाऱ्या माणसाला सगळं माहीत असतं असा आमच्या मजल्यावर समज आहे. तो त्यांनीच पसरवलेला आहे.

"सिंपल आहे," साईनाथ मोबाइल काढत म्हणाले. "चेक करू." बराच वेळ त्यांनी अंगठा फिरवला. "हे बघा. एक म्हणतो काँक्रीट, कारण भुताला रूप असतं. दुसरा म्हणतो ॲबस्ट्रॅक्ट, कारण ती कल्पना आहे. तिसरा म्हणतो उत्तर पाहण्यासाठी आमच्या कोर्सला जॉइन व्हा."

"सगळ्यांना एकेक मार्क देऊन टाका की," अनिता म्हणाली.

"म्हणजे भूत दोन्हीकडे आहे असं लेखी दिल्यासारखं," फर्डेकाका म्हणाले. ते कोर्टातून निवृत्त झालेले. तिथे ते काय करत होते हे कुणाला माहीत नाही, पण बोलतात न्यायाधीशासारखे. "किशोर, तुझी केस दुधारी आहे. काँक्रीट म्हणालास तर शाळेत अंधश्रद्धा पसरवली. जादूटोणाविरोधी कायदा आहे बाबा. ॲबस्ट्रॅक्ट म्हणालास तर पक्षपात. खुलाशात प्रत्येक भुताच्या आधी 'तथाकथित' लिही. तथाकथित भूत, तथाकथित पूल, तथाकथित आजी."

"आजी खरी आहे हो काका."

"तू तपासलंयस?"

साईनाथ उठता उठता म्हणाले, "आणि तुला रोज त्याच पुलावरून यावं लागतं ना? दिवे लागायच्या टायमाला?" आणि हसत निघून गेले. अनिता हसली नाही.

खुलासा लिहून झाला तेव्हा त्यात 'तथाकथित' इतक्या वेळा आलं होतं की खाली सही करताना माझं स्वतःचं नाव मला संशयास्पद वाटलं. जेवण गेलं नाही. डोळ्यांसमोर एकसारखा निलंबनाचा आदेश येत होता. तो दिसतही होता, कागदाचा वासही येत होता. म्हणजे तो काँक्रीट होता का, हा विचार मनात आला तेव्हा मात्र मी घाबरून उठून बसलो.

तपासणीच्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून लवकर निघालो. शाळेच्या आवारात गाडी लावली. गाव आधीच जमलं होतं. हायवाले आंब्याखाली, नायवाले ध्वजस्तंभाशी. बाईजा व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती, शेजारी भाविका. घरत मॅडमची जीप आली. त्या उतरल्या, चार पावलं चालल्या आणि माझ्या गाडीपाशी थबकल्या.

"ही गाडी कुणाची?"

मी पुढे झालो. माझ्या गाडीच्या पुढच्या नंबरप्लेटखाली लिंबू आणि सात मिरच्या लटकत होत्या. ताज्या. काळ्या दोऱ्यात, अनिताच्या खास गाठीने बांधलेल्या. शहापूर, किन्हवली, सरळगाव, सगळ्या रस्त्याने मी त्या मिरवत आणल्या होत्या.

"भूत ॲबस्ट्रॅक्ट आहे असं शिकवणारे गुरुजी तुम्हीच ना?" मॅडमनी विचारलं.

"हो मॅडम. ते... तथाकथित लिंबू आहे," असं माझ्या तोंडून निघालं. हायवाल्यांत खसखस पिकली. शेजारी उभ्या असलेल्या केंद्रप्रमुखांनी डोळे मिटून घेतले.

सगळे वर्गात बसले. मोठी माणसं मुलांच्या सतरंज्यांवर, मुलं खिडक्यांत. मॅडमनी माझा खुलासा अर्धा वाचला आणि उलटा ठेवला. देवजीशेठ खाकरून उभे राहिले. त्यांच्या हातात भाषण होतं, त्यात चंद्र होता. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही थांबा. या भुताला कुणी पाहिलंय?"

"मी," बाईजा म्हणाली.

"काय पाहिलंत आजी?"

देवजीशेठ एकदम खाली बसले. वर्गातले सगळेच सतरंजीकडे बघू लागले, आणि तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की काय येणार ते गावातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, ठाऊक नाही ते फक्त आम्हा बाहेरच्यांना.

"माझा मानूस," बाईजा म्हणाली. "धाकलू. म्हसा गावच्या बाजारला गेलता. येताना वढ्याला पानी आलता, पुलावरून चाललता. बाकीची थांबली. हा बोलला, घरा वाट बघतील. नि पाय टाकला." तिने पदर सारखा केला. "तेरावा झाला, त्याच्या दुसऱ्या दिशी दिवे लागायच्या टायमाला मी पुलावर गेली. तिथं कठड्यावर बसलेला. तंबाखू मलत. मी बोलली, घरा चल. तं बोलला, तू हो पुढं, मी येतो."

केंद्रप्रमुखांनी हातातलं पेन बंद करून खिशात ठेवलं.

"तवापासून मी पुढं हाय," ती म्हणाली. "मार्काचा काय घेऊन बसलाव? पोरगी घरा येऊन बोलली, गुरुजीनी पुलावरच्याला नायच्या रांगेत टाकला. मी बोलली, गुरुजी शिकलेला मानूस, त्याला कसा कलत नाय? माझा मानूस नायच, असा लिवला तुमी. तांबड्या शाईने."

मी उभा होतो. बसावं की काय ते सुचेना. इतके दिवस मी नोटिशीला घाबरत होतो, आणि या बाईला मी काय सांगून बसलो होतो याची मला शुद्धच नव्हती. शेवटी खडू घेतला. दुसरं काही मला येत नाही. फळ्यावर दोन्ही रांगा लिहून काढल्या, चाचणीत होत्या तशाच.

"आजी," मी म्हणालो, "नायची रांग हे नाव चुकीचं होतं. मी ते थांबवायला हवं होतं. ही नसलेल्यांची रांग नाही. हाताला न लागणाऱ्यांची आहे."

बाईजा उठली, फळ्याजवळ आली. तिला वाचता येत नव्हतं. "तो कुठं हाय यात?"

मी घोस्टवर बोट ठेवलं.

"त्याच्या वर कोन?"

"लव्ह. म्हणजे माया."

"नि खाली?"

"सॉरो. दुःख."

"ह्ये?"

"करेज. धाडस."

तिने मान हलवली. त्याच्यात ते होतंच, अशी. मग दुसऱ्या रांगेकडे हनुवटी केली. "तिकडं कोन कोन?"

"आंबा, टेबल, बादली, बकरी."

बाईजाने दोन्ही रांगांकडे बराच वेळ पाहिलं. लग्नात पाहुणे कुठे बसवायचे ते ठरवताना घरातली कर्ती बाई पाहते तसं. मग म्हणाली, "इकडंच बरा हाय. टेबल नि बादलीत कशाला बसवायचा त्याला?"

"आजे!" भाविका ओरडली. "मंग माझा मार्क?"

"चुकला तुझा," बाईजा म्हणाली. "गुरुजीनी कापला तो बरोबर कापला."

वर्गात एकच गलका झाला. हायवाल्यांची बाजू त्यांच्या मुख्य साक्षीदाराने एका वाक्यात मोडली होती. देवजीशेठनी भाषणाची घडी उघडली, पण भांडायला समोर कोणी उरलं नव्हतं, म्हणून पुन्हा मिटली. घरत मॅडमनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला. मग खिडकीकडे वळून म्हणाल्या, "संदेश कोण? एकट्याने बरोबर लिहिलंस. का लिहिलंस ते सांग."

संदेश आजोबांकडे बघत उभा राहिला. "मॅडम, मला तवा वाटला घोस्ट म्हंजे पाहुना."

"तो गेस्ट."

"त्योच. पाहुना येतो, जातो. ऱ्हात नाय. म्हनून नायच्या रांगेत टाकला."

आता हायवाले आणि नायवाले सगळे मिळून हसले. देवजीशेठसुद्धा, जरा उशिराने. मॅडम म्हणाल्या, "म्हणजे शब्द सगळ्यांना कळला होता, फक्त ज्याला मार्क मिळाला त्याला सोडून. विशे, हा प्रश्न रद्द करा. दोघं सारखे होतात. मुरबाडला कोण जाणार?"

"मी नाय," संदेश लगेच म्हणाला. "मला स्टेजवर भ्या वाटतो." एवढं बोलून तो खिडकीतून बाहेर उतरला आणि दिसेनासा झाला. सकुबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. गेल्या चार वर्षांत बैठकीत त्या पहिल्यांदाच बोलल्या. "जाऊ दे पोरगीला. रस्त्याचा पन बघू," त्या म्हणाल्या, आणि यजमानांकडे त्यांनी अशा नजरेने पाहिलं की रस्ता खरंच होईल की काय, अशी मला धास्ती वाटली.

जाताना मॅडम माझ्या गाडीपाशी पुन्हा थांबल्या. आता नोटीस हातात पडते म्हणून मी खिशातला रुमाल घट्ट धरला. त्या एवढंच म्हणाल्या, "लिंबू घरी गेल्यावर काढा. इथे काढलंत तर गाव पुन्हा बैठक लावेल." जीप गेली. केंद्रप्रमुखांनी माझ्या पाठीवर थाप मारली, ती कौतुकाची होती की सुटकेची ते कळलं नाही.

निघायला उशीर झाला. भाविकाचं भाषण लिहून द्यायचं होतं, आणि ती प्रत्येक ओळीला 'हा कुठल्या रांगेत?' विचारत होती. घरांतून दिवे लागू लागले तेव्हा मी गावाबाहेर पडलो. ओढ्याला पाणी कमी होतं. पूल आला. कठड्यावर कोणीच नव्हतं. मी विज्ञाननिष्ठ माणूस आहे, नव्हतं म्हणजे नव्हतं. तरी मी गाडी हळू केली, आणि शेजारून कोणी वडीलधारा माणूस चालत असावा तशी थोडी कडेने नेली.